हिमालयातील शिकारयात्रा आणि वाटाडे शिकारी (१८१५–१९४७)

१. प्रश्नाचे स्वरूप

एकोणिसाव्या शतकात हिमालयात शिकारीसाठी गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी व प्रवाशांनी विपुल लेखन करून ठेवले आहे. मार्खम यांचे ‘शूटिंग इन द हिमालयाज’ (१८५४), ब्रिंकमन यांचे ‘द रायफल इन काश्मीर’ (१८६२), किनलॉक यांचे तिबेट व वायव्य प्रदेशातील मोठ्या शिकारीविषयीचे पुस्तक (१८६९) आणि डारा यांचे ‘स्पोर्ट इन द हायलँड्स ऑफ काश्मीर’ (१८९८) ही त्यांतील काही ठळक नावे होत. हे वाङ्मय प्राणिशास्त्राच्या व भूगोलाच्या अभ्यासकांनी पुष्कळ वापरले आहे. सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून मात्र त्याच्याकडे आपल्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

या ग्रंथांच्या शब्दयोजनेतच एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आढळते. ज्याच्या हातात रायफल असे त्याला या ग्रंथांत ‘स्पोर्ट्समन’ म्हटले आहे आणि ‘शिकारी’ हे नाव त्याला वाट दाखविणाऱ्या पहाडी मनुष्यास दिले आहे. म्हणजे शिकार करी तो एक आणि शिकारी म्हणविला जाई तो दुसराच. जनावर कोठे आहे, ते केव्हा खाली उतरते, वारा कोणीकडून वाहतो आणि कोणत्या कड्यावरून गेल्यास त्याला चाहूल लागणार नाही, हे ज्ञान या दुसऱ्या मनुष्याजवळ होते. परंतु पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणि दिवाणखान्याच्या भिंतीवरील शिंगांखालच्या पट्टीवर नाव राहिले ते पहिल्याचे.

प्रस्तुत लेखात या शिकारयात्रांची रचना कशी होती, त्या कोणाच्या श्रमावर चालत, आणि एकाच अरण्यात बंदुकीची शिकार हा खेळ व फाशाची पारध हा गुन्हा असा भेद कसा उत्पन्न झाला, या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. विवेचनाचे क्षेत्र मुख्यतः गढवाल-कुमाऊं आणि काश्मीर-लडाख हे आहे.

२. मार्ग खुले होणे

इ. स. १८१५ मध्ये गोरखे सैन्याचा पराभव होऊन कुमाऊं व गढवालचा पूर्व भाग ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलाखाली आला आणि गढवालचा उरलेला भाग टिहरी संस्थान म्हणून राजा सुदर्शन शाह यांच्याकडे राहिला. पुढे १८४६ च्या अमृतसरच्या तहाने काश्मीर महाराजा गुलाबसिंग यांच्या ताब्यात गेले. लडाख व बाल्टिस्तान त्यांच्या सैन्याने त्यापूर्वीच जिंकले होते. या दोन घटनांमुळे मध्य व पश्चिम हिमालयाची उंच खोरी युरोपीय प्रवाशांना सुलभ झाली. मैदानातील छावण्यांत उन्हाळा असह्य होई. रजा मिळताच अधिकारी पहाडाकडे वळत, आणि त्यांतील पुष्कळांचे ध्येय एकच असे, ते म्हणजे मोठ्या शिंगांचे जनावर.

या प्रदेशात प्रत्येक जनावराचे स्वतःचे क्षेत्र होते. पीर पंजाल, काजीनाग आणि अस्तोर येथे पिळदार शिंगांचा मारखोर मिळे. बाल्टिस्तानच्या उभ्या कड्यांवर आयबेक्स हा रानबोकड असे. काश्मीरच्या खोऱ्यातील अरण्यात हांगुल हा बारा फाट्यांचा हरिण राही. शरद ऋतूत त्याच्या माजाच्या हाका ऐकून त्याचा माग काढीत. लडाखमध्ये सिंधूच्या काठी शापू, त्याहून उंचावर भरल आणि न्यान, आणि चांगचेन्मोच्या निर्जन पठारावर चिरू, अशी ही उतरंड होती. ज्याला हे सर्व हवे असे त्याला झोजी ला ओलांडून आठवडेच्या आठवडे चालावे लागे.

३. शिकारयात्रेची रचना

श्रीनगर हे या यात्रांचे मुख्य ठाणे होते. वसंत ऋतूत साहेब तेथे येऊन पोहोचला म्हणजे त्याच्या नावेभोवती शिकाऱ्यांची गर्दी होई. प्रत्येकाजवळ पूर्वीच्या साहेबांनी दिलेल्या शिफारसपत्रांची, म्हणजे ‘चिठ्ठ्यां’ची, जुडी असे. या चिठ्ठ्या इंग्रजीत असत, आणि ज्याच्या उपजीविकेचा तो आधार होता त्याला बहुधा त्या वाचता येत नसत. काही लबाड शिकारी दुसऱ्याच्या चिठ्ठ्या घेऊन फिरतात अशी तक्रार प्रवासवर्णनांत वारंवार आढळते. कर्नल वॉर्ड यांच्यासारख्यांनी काश्मीर व लडाखसाठी मार्गदर्शिका लिहिल्या, त्यांत खोऱ्यांची माहिती, मुक्कामांची अंतरे आणि नोकरमाणसे ठेवण्याविषयीच्या सूचना असत.

एका साहेबाच्या तांड्यात एक मुख्य शिकारी, एक ‘छोटा शिकारी’, स्वयंपाकी, दुपारचे खाणे वाहणारा ‘टिफिन कुली’ आणि सामानाच्या मानाने हमाल किंवा तट्टे असत. तंबू, खाट, पेट्या, बंदुका, काडतुसे, पीठ, तांदूळ, हे सर्व माणसाच्या पाठीवरून जाई. उंच प्रदेशात धान्य विकत मिळत नसल्यामुळे हमालांचे धान्य वाहण्यासाठी आणखी हमाल लागत, आणि यात्रा जितकी लांबे तितका तांडा मोठा होई.

खोऱ्यांच्या वाटणीचा एक अलिखित नियम होता. ज्या नाल्यात जो प्रथम जाऊन तंबू ठोकील त्या नाल्यावर त्या हंगामापुरता त्याचा हक्क. यामुळे हंगामाच्या आरंभी चांगला नाला मिळविण्यासाठी चढाओढ लागे आणि दोन दोन मुक्काम एका दिवसात उरकले जात. या शर्यतीत साहेब मोकळ्या हातांनी चालत असे. बर्फाळ खिंडीतून ओझे घेऊन धावण्याचा प्रसंग हमालावर येई.

आता शिकाऱ्याच्या कामाकडे पाहू. पहाटे उजाडण्यापूर्वी एखाद्या कड्यावर जाऊन तो समोरचा सर्व उतार दुर्बिणीने तासन् तास न्याहाळीत बसे. खडकाच्या रंगात मिसळलेला कळप त्याला दिसला म्हणजे पुढील आखणी सुरू होई. रानबोकडाला संकट खालून येते अशी सवय असल्यामुळे त्याची नजर खालच्या बाजूस अधिक असते. म्हणून मोठा वळसा घालून त्याच्या वर पोहोचणे इष्ट. ऊन चढल्यावर वारा उतारावरून वरच्या दिशेने वाहतो आणि सायंकाळी तो उलटून खाली येऊ लागतो. म्हणून वरून उतरून गाठणे ते वारा फिरण्यापूर्वीच साधले पाहिजे. हिमकडा कोणत्या प्रहरी कोसळण्याचा संभव असतो आणि नदीवरील बर्फाचा पूल कोठवर भार सोसेल, हेही त्यालाच ठरवावे लागे. यांतील कोणतेही ज्ञान पुस्तकी नव्हते. मेंढपाळी, पारध आणि हिवाळ्यातील सक्तीचा प्रवास यांतून पिढ्यानुपिढ्या ते साचत आले होते. साहेबाला नेमबाजी येत असे हे खरे. पण ज्या अंतरावरून नेम धरता येईल त्या अंतरावर त्याला आणून सोडण्याचे काम दुसऱ्याचे होते.

या वर्गातील थोड्याच व्यक्तींची नावे ग्रंथांतून टिकली आहेत. थिओडोर रूझवेल्ट (धाकटे) आणि केर्मिट रूझवेल्ट या अमेरिकन बंधूंनी १९२५ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी मोहीम काढली. श्रीनगरहून लेह, काराकोरम खिंड व यारकंद या मार्गाने ते तिएनशान व पामीरच्या प्रदेशात गेले. त्यांच्या ‘ईस्ट ऑफ द सन अँड वेस्ट ऑफ द मून’ (१९२६) या पुस्तकात रहीमा लोन या काश्मिरी मुख्य शिकाऱ्याचा नावानिशी व आदराने उल्लेख आहे. पण असे उल्लेख अपवादात्मक होत. बहुतेक पुस्तकांत ‘माझा शिकारी’ एवढ्यावरच भागविलेले दिसते.

४. बेगार

शिकारयात्रेचा खरा पाया हमाल हा होता आणि तो नेहमी स्वखुषीने येत नसे. कुमाऊं व ब्रिटिश गढवालमध्ये ‘कुली-उतार’, ‘कुली-बेगार’ आणि ‘कुली-बर्दाइश’ अशा तीन प्रथा प्रचलित होत्या. उतारात नाममात्र मजुरी देऊन ओझे वाहावयास लावीत, बेगारीत तीही मिळत नसे, आणि बर्दाइश म्हणजे दौऱ्यावरील अधिकाऱ्यास दूध, धान्य, लाकूडफाटा इत्यादी पुरविण्याची सक्ती. जमीन धारण करणाऱ्या प्रत्येक कुटुंबावर हे ओझे होते आणि पाळी कोणाची याची नोंद गावच्या कुली रजिस्टरात ठेवीत. ही प्रथा कंपनीने नव्याने निर्माण केली नव्हती. पूर्वीच्या राजवटींतही ती होती. कमिशनर ट्रेल यांनी १८२२ च्या सुमारास खेचरांचा उपयोग करून ती कमी करण्याचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. उलट रस्ते, पाहणी, छावण्या आणि शिकार यांची वाढ होत गेली तसतसा हा भार वाढत गेला. शिकारीचा हंगाम आणि शेतीचा हंगाम पुष्कळदा एकच असल्यामुळे पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत घरातील धडधाकट मनुष्य साहेबाच्या पेटीमागे जाई.

काश्मीरमध्ये परिस्थिती याहून कठीण होती. वॉल्टर लॉरेन्स यांनी १८८९ पासून तेथे जमाबंदीचे काम केले. त्यांच्या ‘द व्हॅली ऑफ काश्मीर’ (१८९५) या ग्रंथात बेगारीचे, विशेषतः गिलगिटच्या लष्करी रसदेसाठी नेल्या जाणाऱ्या खेडुतांच्या हालांचे, वर्णन आहे. ज्या वाटेने हे खेडूत रसद घेऊन जात त्याच वाटेने अस्तोरच्या मारखोरासाठी साहेब जात होते. लडाखमध्येही मार्गावरील गावांना पाळीपाळीने तट्टे व माणसे पुरवावी लागत. प्रत्येक शिकारी साहेब निर्दय होता असे मुळीच नाही. अनेकांनी मजुरी चोख दिल्याचे व आजाऱ्यांना औषधे दिल्याचे दाखले आहेत. परंतु ज्या व्यवस्थेमुळे निर्जन प्रदेशात तीस माणसे एका दिवसाच्या सूचनेने उभी करता येत, ती व्यवस्था सक्तीची होती, ही गोष्ट व्यक्तीच्या सौजन्याने बदलत नाही.

या सक्तीचा शेवट कुमाऊंमध्ये लोकांनीच केला. जानेवारी १९२१ मध्ये मकरसंक्रांतीच्या उत्तरायणी मेळ्यात बागेश्वर येथे शरयू-गोमतीच्या संगमावर हजारो खेडूत जमले. बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत व चिरंजीलाल यांच्या पुढाकाराने यापुढे बेगार न करण्याची शपथ घेण्यात आली आणि कुली रजिस्टरे नदीत फेकून देण्यात आली. हिमालयातील शिकारीच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख सहसा येत नाही. वास्तविक त्या दिवशी शरयूत बुडालेल्या वह्यांवरच पूर्वीच्या शंभर वर्षांतील तंबू आणि पेट्या वाहिल्या गेल्या होत्या.

५. फास आणि रायफल

कस्तुरीमृगाचा परिचय मराठी वाचकास संतवाङ्मयातील व सुभाषितांतील दृष्टान्तांमुळे आहे. नाभीतील सुगंध बाहेर शोधीत भटकणारा हा मृग प्रत्यक्षात हिमालयाच्या वृक्षरेषेजवळील झुडपांत राहणारा, शिंगे नसलेला, लहान चणीचा प्राणी आहे. कस्तुरीची ग्रंथी फक्त नराला असते आणि तिचे वजन सुमारे अडीच तोळ्यांच्या आतबाहेर भरते.

गढवालमध्ये त्याला धरण्याची जी रीत होती तिचे वर्णन फ्रेडरिक विल्सन यांनी केले आहे. डोंगराच्या धारेवर फांद्या व झुडपे रचून कमरेएवढे कुंपण घालीत; ते कधी कधी मैलभर लांब असे. त्यात दहा-पंधरा यार्डांवर वाटा सोडीत आणि प्रत्येक वाटेत वाकविलेल्या काठीला बांधलेला तागाचा भक्कम फास लावीत. कुंपणाच्या कडेकडेने जाणारा मृग त्या वाटेने जाऊ पाही आणि अडके. मोनालसारखे पक्षीही सापडत. या रीतीस फार कौशल्य व श्रम लागत, पण तिच्यात एक मोठा दोष होता. फास नर-मादी पाहत नाही. कस्तुरीसाठी लावलेल्या फासात कस्तुरी नसलेल्या माद्या व पाडसेही मरत.

विल्सन हे स्वतः या विषयातील विलक्षण पात्र आहे. १८४० नंतरच्या दशकात ते भागीरथीच्या खोऱ्यात हर्षील येथे स्थायिक झाले. जवळच्या मुखबा गावातील मुलीशी त्यांनी विवाह केला. आरंभी कस्तुरी, कातडी व मोनालादी पक्ष्यांची पिसे यांचा व्यापार त्यांनी केला. पुढे टिहरीच्या राजाकडून देवदाराच्या जंगलाचा मक्ता घेऊन रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूड नदीतून मैदानात सोडले व मोठी संपत्ती मिळविली. ‘माउंटेनियर’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेली पशुपक्ष्यांची टिपणे इतकी अचूक होती की ह्यूम व मार्शल यांनी आपल्या भारतीय शिकारी पक्ष्यांवरील ग्रंथात ती विस्ताराने घेतली. विल्सन १८८३ मध्ये वारले. फासाची पारध पूर्वी घरापुरती व स्थानिक बाजारापुरती होती. ती दूरच्या पेठेशी जोडली गेल्यावर तिचे प्रमाण कसे बदलते, हे त्यांच्या चरित्रातून चांगले कळून येते. ज्या दोन जीवांचा व्यापार हर्षीलहून चाले ते कस्तुरीमृग व मोनाल आज उत्तराखंडाचे अनुक्रमे राज्यपशू व राज्यपक्षी आहेत.

१८७८ हे वर्ष या संदर्भात महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, पाणी विषारी करणे, फास व सापळे लावणे हे गुन्हे ठरले. त्याच वर्षीच्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांना बंदुकीसाठी परवाना आवश्यक झाला, आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. १९०२ मध्ये पक्ष्यांची कातडी व पिसे निर्यात करण्यास बंदी आली, तर १९१२ च्या कायद्याने काही पशुपक्ष्यांसाठी वर्ज्य काळ ठरविण्याची सोय झाली. काश्मीर दरबारानेही परवाने, हंगाम आणि दर माणशी मारावयाच्या जनावरांची संख्या यांचे नियम केले, स्वतंत्र शिकार-संरक्षण खाते उभारले आणि काही अरण्ये महाराजांची ‘रख’ म्हणून राखून ठेवली.

या नियमांचा एकत्रित परिणाम असा झाला की ज्याच्याजवळ परवाना व रायफल असे त्याने मारलेले जनावर हा विजयचिन्हाचा विषय होई, आणि ज्याच्याजवळ केवळ दोरी असे त्याने धरलेले तेच जनावर चोरीचा माल ठरे. हा भेद महाराष्ट्रातील वाचकास अपरिचित नाही. आपल्याकडील फासेपारधी जमातीचे नावच तिच्या साधनावरून पडले आहे, आणि ब्रिटिश अमदानीत ती ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदली गेली.

तथापि येथे एकांगी निर्णय देणे योग्य होणार नाही. फासाने मादी व पाडस मरते हे वर आलेच आहे. रायफलीचा दोष वेगळा होता. तिला सर्वांत मोठ्या शिंगांचा, म्हणजे कळपातील सर्वांत जोमदार नर हवा असे. नियमांनी काही प्रमाणात संरक्षण साधले हेही मान्य केले पाहिजे. श्रीनगरजवळील दाचीगामचे अरण्य १९१० मध्ये राखले गेले. १९४७ पूर्वी हांगुलांची संख्या काही हजारांत होती असा अंदाज आहे; जुनी व्यवस्था कोसळल्यानंतर १९७० च्या सुमारास ती दोनशेच्या आत आली. १९८१ मध्ये दाचीगाम राष्ट्रीय उद्यान झाले आणि हांगुल कसाबसा तग धरून राहिला. परंतु ‘दाचीगाम’ या नावाचा अर्थ ‘दहा गावे’ असा सांगतात, आणि राखीव अरण्यासाठी तेथून हलविल्या गेलेल्या गावांची ती आठवण मानली जाते. संरक्षणाचे मोल कोणी दिले, हा प्रश्न त्या नावातच राहिला आहे.

६. उत्तरकाल

१९४७ नंतर, आणि विशेषतः १९४९ च्या युद्धबंदी रेषेनंतर, जुनी शिकारभूमी दुभंगली. अस्तोर, गिलगिट व बाल्टिस्तान एका बाजूस गेले, काश्मीरचे खोरे व लेह दुसऱ्या बाजूस राहिले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि जम्मू-काश्मीरमध्ये १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने शिकारयात्रांचे युग संपले. कस्तुरीमृगासाठी केदारनाथ अभयारण्य १९७२ मध्येच स्थापन झाले होते.

रेषेच्या पलीकडे निराळा मार्ग निवडला गेला. पाकिस्तानला १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराखाली वर्षाला सहा मारखोरांची शिंगे निर्यात करण्याची मुभा मिळाली आणि २००२ मध्ये ती बारा करण्यात आली. या परवान्यांपैकी एकेकासाठी परदेशी शिकाऱ्यांनी अलीकडे एक लाख अमेरिकी डॉलरांहून अधिक रक्कम दिली आहे, आणि शुल्कातील ऐंशी टक्के वाटा स्थानिक गावांना देण्याचा नियम आहे. २०१५ मध्ये मारखोराचे नाव जागतिक सूचीतील ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून कमी धोक्याच्या वर्गात घालण्यात आले. त्याचे सर्व श्रेय या एका योजनेस देता येणार नाही, आणि धनिकाच्या हौसेवर रानाचे रक्षण अवलंबून ठेवावे काय, ही शंकाही रास्त आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने एक फरक स्पष्ट दिसतो. ज्या गावाकडून पूर्वी सक्तीने हमाल घेतले जात, त्याच गावाला आता मारखोर जिवंत राहण्यात स्वतःचा लाभ दिसू लागला आहे. लडाखमध्ये बंदूक न उचलता हेच साधण्याचा प्रयत्न चालू आहे. हिमबिबट्या पाहावयास येणाऱ्यांना तेथील माणसे दुर्बिणीने समोरचा उतार न्याहाळून जनावर दाखवितात आणि पाहुण्यांना घरी ठेवून घेतात.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, हिमालयातील शिकारीचे ज्ञान मूलतः पहाडी लोकांचे होते. इंग्रजी ग्रंथांनी ते नोंदविले, परंतु ज्ञात्याचे नाव बहुधा गाळले. दुसरी, या यात्रा ज्या सहजतेने घडल्या त्या सहजतेचा आधार बेगार हा होता, आणि म्हणून बागेश्वरची १९२१ ची घटना राजकीय इतिहासाइतकीच शिकारीच्या इतिहासाचीही आहे. तिसरी, शिकार आणि पारध यांतील कायदेशीर भेद केवळ जनावरांच्या हिताच्या विचाराने ठरला नाही. साधन कोणाच्या हातात आहे, यावरही तो ठरला.

या विषयाचा पुढील अभ्यास करावयाचा झाल्यास शिकारग्रंथांपेक्षा जमाबंदीचे अहवाल, वनखात्याची गुन्ह्यांची दप्तरे आणि ज्या घरांत आजही जुन्या चिठ्ठ्यांच्या जुड्या जपून ठेवलेल्या असतील ती घरे यांकडे वळावे लागेल. ज्याला स्वतःविषयीची शिफारस वाचता येत नव्हती त्याचा इतिहास त्या शिफारसपत्रांच्या कडेकडेनेच शोधणे प्राप्त आहे.